तोरणमाळ ते काठी

महाराष्ट्राच्या नकाशात वायव्य दिशेकडे दृष्टी टाकली, म्हणजे राज्याची सीमा एके ठिकाणी थेट नर्मदेच्या पात्राला जाऊन भिडलेली दिसते. नर्मदा ही मुख्यतः मध्य प्रदेशाची आणि गुजरातची नदी. तिच्या १३१२ किलोमीटरांच्या दीर्घ प्रवासापैकी अवघे ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या वाट्याला आले आहेत, आणि तेही केवळ एका तीरापुरते. त्या तीरावर सातपुडा उभा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा हे दोन तालुके म्हणजे या सातपुड्याचा अगदी आतला भाग होय. तोरणमाळचे पठार, तेथील तलाव, साग-बांबूची राने, भिल्ल व पावरा लोकांचे पाडे आणि होळीसाठी प्रसिद्ध असलेले काठी हे गाव, हे सर्व याच भागात आहे.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी हा प्रदेश धुळे जिल्ह्यात, आणि त्याच्याही पूर्वी पश्चिम खानदेशात मोडत असे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती आणि दर शंभर माणसांतील सुमारे एकोणसत्तर माणसे आदिवासी होती. महाराष्ट्राच्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात आदिवासींचे प्रमाण एवढे मोठे नाही.

दोन नद्यांमधील भिंत

सातपुडा या नावाचा अर्थ 'सात घड्यांचा डोंगर' असा सांगतात. एका डोंगराच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, अशा त्याच्या रांगा दुरून पाहिल्या, म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते पटते.

महाराष्ट्रातील गोदावरी, भीमा, कृष्णा या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. नर्मदा आणि तापी मात्र पश्चिमेकडे वाहत जाऊन समुद्राला मिळतात. असे का व्हावे? फार प्राचीन काळी या भागातील भूकवचाला पूर्व-पश्चिम अशा लांबच लांब भेगा पडल्या. भेगांमधील जमिनीचे काही पट्टे खाली खचले, तर मधला एक पट्टा उंचच राहिला. खचलेल्या भागांतून उत्तरेकडे नर्मदा व दक्षिणेकडे तापी वाहू लागली, आणि मधला उंच भाग सातपुडा म्हणून शिल्लक राहिला. त्यामुळे सातपुड्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची वाटणी होते. माथ्याच्या उत्तर उतारावर पडलेला थेंब उदईसारख्या नद्यांतून नर्मदेला मिळतो. दक्षिण उतारावर पडलेला थेंब गोमाईसारख्या नद्यांतून तापीला जातो. दोन्ही थेंब शेवटी एकाच समुद्राला पोहोचतात. परंतु त्यांच्या वाटा मात्र डोंगराच्या माथ्यावरच वेगळ्या झालेल्या असतात.

या भागात जाणारा प्रवासी बहुधा सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबारला उतरतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा हाती घेऊन निघालेला बाल शिरीषकुमार आणि त्याचे सोबती याच शहरात गोळीबाराला बळी पडले. त्यांचे स्मारक पाहून प्रवासी पुढे निघतो. वाटेत तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे हे तीर्थक्षेत्र लागते. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. १९५५ साली येथे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा तांब्याची व दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या अतिप्राचीन लोकांच्या वस्तीचे अवशेष सापडले. तापीकाठची काळी, सुपीक जमीन माणसाला किती जुन्या काळापासून खुणावीत आली आहे, हे यावरून दिसते.

पठारावरील तलाव

शहादे सोडले, की केळीची व उसाची शेते हळूहळू मागे पडतात आणि समोर डोंगर उभे राहतात. तोरणमाळला जाणारा रस्ता सातपायरी घाटातून वळणे घेत वर चढतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि दोन्हींवर दाट झाडी, असे या घाटाचे स्वरूप आहे. घाट संपला, की चढ एकाएकी थांबतो आणि विस्तीर्ण पठार लागते. हेच तोरणमाळ होय. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ११५० मीटर आहे. त्यामुळे खाली तापीच्या खोऱ्यात उन्हाचा वणवा पेटलेला असतानाही येथील हवा सुखद असते. या भागात तोरण नावाची काटेरी, आंबटगोड फळांची झुडपे विपुल आढळतात. तोरण हे झुडूप आणि तोरणादेवी यांच्यावरूनच पठाराला हे नाव मिळाले, असे म्हणतात.

पठाराच्या खोलगट भागात यशवंत तलाव पसरला आहे. चहूकडे टेकड्या, काठाशी झाडी आणि मध्ये निश्चल पाणी, असे त्याचे दृश्य आहे. पहाटे तलावावर धुके उतरते, तेव्हा पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते हे कळत नाही. जवळच कमळांनी भरलेले दुसरे तळे आहे. पावसाळ्यात पठारावरचे पाणी तुडुंब होते आणि कड्यावरून सीताखाई नावाच्या खोल दरीत कोसळू लागते. सीताखाईच्या काठावर उभे राहिले, म्हणजे सातपुड्याचा काळा कातळ कसा थरावर थर रचून बनला आहे, ते स्पष्ट दिसते. हे थर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी भूगर्भातून उफाळून थंड झालेला लाव्हारस होय.

तोरणमाळवर गोरक्षनाथांचे मंदिर आहे आणि मच्छिंद्रनाथांच्या नावाने ओळखली जाणारी गुहाही आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तीनही राज्यांतील भाविक, त्यांत डोंगरातील आदिवासी व सपाटीवरील शेतकरी, असे सर्व जण एकत्र येतात. पश्चिमेकडे अस्तंभा हे १३२५ मीटर उंचीचे शिखर आहे. महाभारतातील अश्वत्थामा तेथे अजून वावरतो, अशी लोकांची श्रद्धा असून दिवाळीच्या सुमारास हजारो यात्रेकरू रात्रीच्या वेळी हा अवघड डोंगर चढून जातात.

वन हीच शिदोरी

शहरातून आलेल्या पाहुण्याला वन म्हणजे हिरवे, सुंदर दृश्य वाटते. येथील रहिवाशांना वन म्हणजे घर, कोठार, औषधालय आणि बाजार असे सर्व काही असते. साग, मोह, टेंभुर्णी, चारोळी, आवळा, खैर, पळस आणि बांबू ही येथील महत्त्वाची झाडे. फाल्गुन-चैत्रात मोहाची मांसल, फिकट पिवळी फुले पहाटे टपटप गळू लागतात. घरातील लहानथोर टोपल्या घेऊन ती वेचावयास जातात. वाळवलेली फुले अन्न म्हणून उपयोगी पडतात आणि पुढे त्याच झाडाच्या बियांपासून तेल निघते. एवढे देणारे झाड तोडावे असे कोणाला वाटेल? म्हणूनच शेतासाठी जागा मोकळी करतानादेखील मोहाचे झाड राखून ठेवतात.

चैत्र-वैशाखात आमचुराचे दिवस येतात. डोंगरातील गावठी आंब्यांच्या कैऱ्या उतरवून स्त्रिया त्यांची साले काढतात, फोडी करतात आणि खडकावर किंवा अंगणात वाळत घालतात. उन्हाने त्या पांढुरक्या व कडकडीत झाल्या, की पोत्यांत भरून धडगाव किंवा मोलगीच्या बाजारात नेतात. भाजीत चिमूटभर घातल्या जाणाऱ्या आमचुरामागे असे अनेक दिवसांचे श्रम असतात. अवकाळी पावसाची एक सर आली, तरी फोडी काळवंडतात आणि त्यांची किंमत उतरते. याच मोलगी भागात वरी पिकते. तिच्यापासून होणारी भगर दूरदूरच्या गावी उपासाला खाल्ली जाते; परंतु ती कोणत्या डोंगरउतारावर पिकली, याची खाणाऱ्याला क्वचितच कल्पना असते.

हरवलेला पक्षी सापडला

या वनांतील एका लहानशा रहिवाशाची कथा जगभर गाजली आहे. तो रहिवासी म्हणजे रानपिंगळा. घुबडाच्या जातीचा हा पक्षी मुठीपेक्षा थोडा मोठा असतो. घुबडे सहसा रात्री हिंडतात. परंतु रानपिंगळा दिवसाही सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसून भक्ष्याची वाट पाहताना दिसतो.

१८७३ साली शास्त्रज्ञांनी या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर काही थोडेच नमुने मिळाले. त्यांपैकी अनेक नमुने जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातच मिळविले होते. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणालाही खात्रीने दिसला नाही. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या एका संग्राहकाने आपण १९१४ साली गुजरातेत तो मिळविल्याचे नोंदवून ठेवले. त्या नोंदीवर विश्वास ठेवून अभ्यासकांनी गुजरातेत त्याचा शोध घेतला. पण तो सापडला नाही. अनेकांनी तो नामशेष झाला असे मानले.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी केली. १९१४ चा तो नमुना वस्तुतः जुन्याच नमुन्यांपैकी असून त्याच्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. खोटी नोंद बाजूला सारताच खरी दिशा दिसू लागली. बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या सहकाऱ्यांसह त्या जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेऊ लागल्या. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, सकाळच्या उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी तो जगाला पुन्हा भेटला होता! त्यानंतर तोरणमाळ व तळोदा येथील वनांत आणि मेळघाटासारख्या इतर ठिकाणीही तो आढळला.

या कथेत दोन बोध आहेत. एका माणसाने केलेली खोटी नोंद कित्येक वर्षे इतरांना चुकीच्या वाटेने फिरविते, हा पहिला. दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. रानपिंगळा सापडला याचा अर्थ तो सुरक्षित आहे, असा नव्हे. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली लागतात. जुनी झाडे गेली, तर सापडलेला पक्षी पुन्हा हरवेल. आणि त्या वेळी तो कोणत्याही नोंदीच्या आधाराने परत मिळणार नाही.

डोंगरातील माणसे

सातपुड्यातील गाव सपाटीवरील गावासारखे एका जागी दाटीने वसलेले नसते. एकेक घर आपापल्या शेतात, टेकडीच्या उतारावर असते आणि अशा घरांचे मिळून पाडे बनतात. घराच्या भिंती बांबूच्या कुडाच्या असून त्यांवर माती व शेण यांचा लेप दिलेला असतो. अंगण ऐसपैस व स्वच्छ असते. एखाद्याला घर उभारावयाचे असले किंवा शेतात मोठे काम निघाले, की शेजारीपाजारी मजुरी न घेता कामाला येतात. घरधनी त्यांना जेवू घालतो आणि पुढे त्यांच्या कामाला स्वतः जातो. श्रमांच्या या देवघेवीला नर्मदाकाठी 'लाह' म्हणतात. जेथे पैसा थोडा असतो, तेथे माणसे एकमेकांची ठेव कशी बनतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या लोकांच्या घरी मराठी बोलली जात नाही. कोठे देहवाली, कोठे पावरी, कोठे मावची, अशा वेगवेगळ्या बोली येथे नांदतात. मूल शाळेत येते ते घरची बोली घेऊन, आणि तेथे त्याला मराठी नव्याने शिकावी लागते. पुस्तकातील मराठी सहज वाचणाऱ्या इतर मुलांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण ज्याला दोन भाषा येतात तो अडखळला, तरी त्याचे ज्ञान कमी नसते, अधिकच असते.

याहामोगी ही या परिसराची कुलमाता. दुष्काळात तिने लोकांना धान्य देऊन जगविले, अशी कथा आहे. गुजरातच्या हद्दीतील देवमोगरा येथे तिचे ठाणे असून महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. नवे धान्य बांबूच्या टोपलीत घालून भाविक तिला अर्पण करतात. त्याशिवाय वाघदेव, गावदेवी आदी दैवते आहेत. त्यांची स्थाने बहुधा एखाद्या झाडाखाली किंवा शिळेपाशी असतात. त्यांच्यावर कळस नसतो. पण म्हणून त्यांचे पावित्र्य यत्किंचितही उणे नसते.

काठीची होळी

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे गेले, की त्या परिसरात काठी हे गाव लागते. एरवी पाहिले, तर डोंगरातील चार गावांसारखेच हे गाव. परंतु एके काळी ते एका भिल्ल संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. सातपुड्यातील अशा लहान लहान संस्थानांना 'मेवास' म्हणत आणि काठीचे संस्थान त्यांत प्रमुख गणले जाई. स्वातंत्र्यानंतर ही संस्थाने विलीन झाली. राज्य गेले, पण राज्याने चालविलेला एक उत्सव राहिला. तो म्हणजे काठीची 'राजवाडी होळी'. ही होळी १२४६ सालापासून चालत आली आहे, असे येथील लोक अभिमानाने सांगतात.

सातपुड्यात सर्व गावांची होळी एकाच दिवशी पेटत नाही. डाब येथील देवाची होळी आधी होते. काठीची होळी फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री असते, आणि पुढे दिवसामागून दिवस निरनिराळ्या गावांच्या होळ्या येतात. त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या उत्सवात पाहुणे म्हणून जाऊ शकतात. होळीपूर्वी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात कपडे, दागिने, गूळ, डाळ्या यांची खरेदी होते आणि ढोलांचे आवाज डोंगराडोंगरांतून घुमू लागतात.

होळीच्या मध्यभागी उभा करावयाचा दांडा हा एक उंच, सरळ बांबू असतो. तो गुजरातेतील जंगलातून विधिपूर्वक आणला जातो. त्याच्यासाठी लागणारा खड्डा कुदळीने वा पहारीने खणावयाचा नाही, असा दंडक आहे; तो हातांनीच उकरावयाचा. दांड्याला आंब्याची व जांभळाची पाने, साखरेचे हार, खोबरे, खजूर यांनी सजवितात. मग कोणतेही अवजार न वापरता, अनेक हातांच्या बळावर, तो आकाशाकडे उभा केला जातो. एकट्या माणसाने हे काम कधीही होणार नाही. प्रत्येकाने आपला हात लावला, तरच दांडा उभा राहतो.

नर्तकांची सिद्धता तर त्याही आधीपासून चाललेली असते. बावा, बुध्या, मोरखी अशी त्यांच्या सोंगांची नावे आहेत. ज्याने नवस केला असेल, तो काही दिवस कडक व्रत पाळतो. तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर निजतो, पायांत वहाण घालीत नाही आणि संयमाने राहतो. या व्रताला 'पाळणी' असे म्हणतात. होळीच्या रात्री बुध्या अंगावर राख व तांदळाचे पीठ यांची नक्षी काढतो. त्याच्या कमरेला वाळलेले भोपळे व घुंगरू बांधलेले असतात आणि डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांनी सजविलेला उंच टोप असतो. शेकडो नर्तक एकाच ठेक्यावर पाऊल टाकू लागले, म्हणजे भोपळ्यांचा खुळखुळाट, घुंगरांचा नाद आणि मोठमोठ्या ढोलांचा गजर एकमेकांत मिसळून जातात. रात्रभर नृत्य चालते. महाराष्ट्र, गुजरात व मध्य प्रदेश यांतून आलेले हजारो लोक फेर धरतात. अखेर पहाटे, पूर्व उजळण्याच्या सुमारास, होळी पेटविली जाते.

हे दृश्य पाहावयास आता दुरून दुरून लोक येतात. त्यांच्या हातांत छायाचित्रे काढण्याची साधने असतात. उत्तम छायाचित्र मिळावे म्हणून कोणी नर्तकाच्या वाटेत उभा राहतो, कोणी त्याला थांबावयास सांगतो. परंतु बुध्या हा नाटकातील नट नव्हे. तो कित्येक दिवस व्रतस्थ राहिलेला, नवस फेडावयास आलेला माणूस आहे. देवळात पूजा चालली असता पुजाऱ्याला कोणी थांबवीत नाही. तेच सौजन्य येथेही हवे.

दुसरे सरोवर

या प्रदेशात यशवंत तलावाहून कितीतरी पटींनी मोठे असे आणखी एक सरोवर आहे. ते निसर्गाने नव्हे, माणसाने निर्माण केले आहे. गुजरातेत नर्मदेवर सरदार सरोवर नावाचे प्रचंड धरण बांधण्यात आले. १९६१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविली गेली, २०१७ साली त्याचे लोकार्पण झाले आणि २०१९ साली ते प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. या धरणाने दूरच्या तहानलेल्या गावांना व शेतांना पाणी दिले, तसेच वीजही दिली. पण त्याचे पाणी मागे पसरले, तेव्हा महाराष्ट्रातील ३३ गावांना त्याची झळ पोहोचली. ही सर्व गावे अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील आदिवासींची होती. नदीकाठची सुपीक जमीन, देवांची ठाणी, मोहाची जुनी झाडे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. काही कुटुंबे सपाटीवरील नव्या वसाहतींत गेली. काहींनी डोंगरातच, अधिक उंचावर, पुन्हा घरे बांधली. न्याय्य पुनर्वसनासाठी या लोकांनी दीर्घ काळ लढा दिला.

बिलगाव या उदई नदीकाठच्या गावाची हकिगत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. तेथील धबधब्याच्या पाण्यावर एक लहानसा वीजप्रकल्प उभारण्याचे गावकऱ्यांनी ठरविले. केरळातील काही तरुण तंत्रज्ञांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले. २००३ साली गावात पहिला दिवा लागला. २००६ च्या पावसाळ्यात धरणाचे फुगलेले पाणी तेथवर पोहोचले आणि प्रकल्प बुडाला. एका पाण्याने दिवा लावला आणि दुसऱ्या पाण्याने तो विझविला. मोठ्या कामाचा लाभ मोजताना त्याची किंमत कोणी दिली, हेही मोजले पाहिजे, ही गोष्ट बिलगावने शिकविली आहे.

आज हे सरोवर डोंगरांच्या फटींत शिरून निळ्याशार फाट्यांनी पसरलेले दिसते. काठच्या अनेक पाड्यांना नावेखेरीज दुसरा सोयीचा मार्ग नाही. रोग्यांसाठी तेथे तरंगता दवाखाना फिरतो. पर्यटकाला जी नौकाविहाराची जागा वाटेल, ती कोणाची तरी रोजची वाट आहे, आणि तिच्या तळाशी कोणाचे तरी अंगण आहे.

पाहुण्याचा धर्म

तोरणमाळचा तलाव, सागाचे रान, रानपिंगळा, आमचूर आणि काठीची होळी या वरवर पाहता निरनिराळ्या गोष्टी आहेत. परंतु थोडा विचार केला, तर त्या एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत असे आढळून येईल. डोंगरावर झाडी असेल, तरच पावसाचे पाणी मुरेल आणि झरे उन्हाळ्यातही वाहतील. जुनी झाडे राहिली, तरच पाखरांना ढोली मिळतील. मोह व आंबा असेल, तरच घराघरांत चार पैसे येतील. आणि रानात उंच, सरळ बांबू वाढला, तरच काठीच्या होळीला दांडा मिळेल. उत्सव जपावयाचा तर वन जपले पाहिजे, आणि वन जपावयाचे तर त्यात राहणाऱ्या माणसांचा त्याच्यावरील हक्क मानला पाहिजे. २००६ साली भारताच्या संसदेने वनहक्क कायदा करून हीच गोष्ट मान्य केली.

अशा प्रदेशात जावयाचे ते पाहुणा होऊन. पाहुणा यजमानाच्या घरात कचरा टाकीत नाही, विचारल्यावाचून त्याच्या वस्तूंना हात लावीत नाही, त्याच्या देवाची वा भाषेची थट्टा करीत नाही. वाटाड्या म्हणून तो गावातीलच माणसाला सोबत घेतो आणि त्याचा योग्य मोबदला देतो. भाकरी व भगर जे पुढे येईल ते आनंदाने खातो. आणि परत निघताना पाहिलेल्या दृश्यांबरोबरच भेटलेल्या माणसांची नावेही तो आठवणीत ठेवतो.

काठीचा दांडा वर्षभर उभा राहत नाही. एका रात्रीचा उत्सव संपला, की तो होळीच्या स्वाधीन होतो. पुढल्या फाल्गुनात पुन्हा रानात जावे लागते, पुन्हा बांबू निवडावा लागतो, पुन्हा हातांनी खड्डा उकरावा लागतो. एवढी शतके ही होळी टिकली आहे, ती दरवर्षी कोणीतरी नव्याने हात लावला म्हणून.

स्वाध्याय

१. नर्मदा व तापी या नद्या पश्चिमेकडे का वाहतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. रानपिंगळ्याचा शोध चुकीच्या दिशेने का चालला होता? तो योग्य दिशेस कसा लागला?
३. 'लाह' म्हणजे काय? तुमच्या गावी अशी एखादी प्रथा आहे का, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
४. काठीच्या होळीचा दांडा उभारताना कोणते नियम पाळतात? त्या नियमांमागे कोणता हेतू असावा?
५. 'एका पाण्याने दिवा लावला आणि दुसऱ्या पाण्याने तो विझविला.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.